आकड्यामागचा धावपटू कोण?

धावपटूंसाठी असलेल्या ऑनलाइन साधनांचे परीक्षण

नांदेड काय किंवा लातूर काय, पहाटे पाचच्या सुमारास शहराबाहेरच्या रस्त्याला लागले की धावणारी मुले-मुली दिसतात. त्यांतली काही प्रकृतीसाठी धावतात. पण पुष्कळांच्या डोळ्यांसमोर भरतीचे ‘ग्राउंड’ असते. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते आणि तिथे सेकंदांवर गुण ठरतात. चार-पाच सेकंदांचा फरक म्हणजे कधी कधी एका घराच्या पोटापाण्याचा फरक असतो.

पूर्वी या मुलांजवळ सरांची शिट्टी आणि एखादे स्टॉपवॉच एवढीच साधने असत. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि मोबाईलमध्ये धावण्याची ॲप आहेत. किती अंतर धावलात, किती उष्मांक जळले, नाडी किती, दम किती, पुढच्या शर्यतीला किती वेळ लागेल, या सगळ्याचे आकडे क्षणात पडद्यावर येतात. बहुतेक साधने फुकट आहेत आणि उपयुक्तही आहेत. मग त्यांचे परीक्षण कशासाठी करायचे?

कारण असे की पडद्यावरचे सगळे आकडे एकाच जातीचे नसतात. काही आकडे मोजलेले असतात, तर काही सूत्रात घालून काढलेले असतात. प्रत्येक सूत्राच्या पोटात एक माणूस दडलेला असतो, म्हणजे ज्याच्यावर मोजमापे घेऊन ते सूत्र बसवले तो. आपला विद्यार्थी त्या माणसासारखा असेल तर सूत्र चालते. नसेल तर ते चुकते, पण चुकतानाही दशांश चिन्हासकट, मोठ्या आत्मविश्वासाने चुकते. म्हणून प्रस्तुत लेखात प्रत्येक साधनाला आपण एकच प्रश्न विचारू: तुझ्यातला धावपटू कोण?

अंतर: मोबाईल, टेप आणि सायकल

स्ट्रावा, गार्मिन कनेक्ट, नाइकी रन क्लब यांसारखी ॲप उपग्रहांच्या संदेशांवरून दर काही क्षणांनी आपली जागा ठरवतात आणि त्या बिंदूंना जोडणाऱ्या रेषांची बेरीज करून अंतर सांगतात. मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाईलने ठरवलेली जागा सुमारे ५ मीटरपर्यंत इकडेतिकडे असू शकते. आता विचार करा. सरळ रेषेत धावणाऱ्या मुलाचे बिंदू थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे पडले, तर त्यांना जोडणारी रेषा नागमोडी होते, आणि नागमोडी रेषा सरळ रेषेपेक्षा लांबच असणार. अशा चुका एकमेकींना खोडून काढतात, असे आपल्याला सहज वाटते. अंतराच्या बाबतीत तसे होत नाही. या चुकांमुळे सरासरीने अंतर वाढतेच, हे २०१६ साली ऑस्ट्रियातील संशोधकांनी गणिताने आणि प्रयोगाने दाखवून दिले. उलट वळणावर दोन बिंदूंमधला कंस जीवेने कापला जातो आणि अंतर कमी भरते. शाळेच्या लहान मैदानावर, जिथे सगळी वळणेच असतात, तिथे यांपैकी कोणती चूक वरचढ ठरेल हे आधी सांगता येत नाही.

याचा अर्थ भरतीच्या भाषेत पाहू. एक मुलगा १६०० मीटर ५ मिनिटे ३० सेकंदांत धावतो. म्हणजे एका मीटरला त्याला साधारण ०.२ सेकंद लागतो. मोबाईलने अंतर अडीच टक्के फुगवले, तर मोबाईलवर १६०० मीटर दिसतील तेव्हा तो प्रत्यक्षात १५६० मीटरच धावलेला असेल. उरलेल्या ४० मीटरचे ८ सेकंद त्याला भरतीच्या दिवशी मैदानावर कळतील आणि तेव्हा उपाय उरलेला नसेल.

धावपट्टीवर सराव करणाऱ्यांनाही एक सावधगिरी हवी. ४०० मीटरच्या प्रमाणित धावपट्टीवर पहिल्या पट्ट्यातली फेरीच ४०० मीटरची असते. दुसऱ्या पट्ट्यातली फेरी सुमारे ७ मीटरने मोठी असते. चार फेऱ्यांत २८ मीटर, म्हणजे जवळजवळ ६ सेकंद जास्त लागतात. दहावीच्या मुलांना वर्तुळाचा परीघ शिकवताना याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

मग अचूक मोजायचे कसे? रस्त्यावरच्या मॅरेथॉनचे अंतर जगभर कशाने मोजतात हे ऐकून मुलांना नवल वाटेल. ते मोजतात सायकलने! अमेरिकेतील ॲलन जोन्स यांनी १९७१ साली सायकलच्या पुढच्या चाकाला लावायचा एक साधा गणक तयार केला. चाकाचे फेरे आणि फेऱ्याचे अपूर्णांक तो दाखवतो. आधी टेपने काटेकोर मोजलेल्या सरळ अंतरावर सायकल चालवून ‘इतके आकडे म्हणजे इतके मीटर’ हे ठरवतात, मग शर्यतीचा मार्ग मोजतात आणि शेवटी पुन्हा त्या सरळ अंतरावर सायकल चालवून पाहतात. कारण ऊन तापले की टायरमधली हवा फुगते आणि चाकाचा परीघ बदलतो. एवढे करूनही मार्ग चुकून आखूड भरू नये म्हणून किलोमीटरमागे १ मीटर जादा धरतात.

ही पद्धत आपल्या शाळेला सहज करता येण्यासारखी आहे. शंभर मीटर अंतर टेपने मोजा. सायकलवर बसूनच ते पार करा, कारण बसणाऱ्याच्या वजनाने टायर दबतो. व्हॉल्व्हवर नजर ठेवून फेरे मोजा आणि मग मैदानाची फेरी मोजून फक्कीने खुणा करा. गूगल अर्थवरची अंतर मोजण्याची पट्टी पडताळ्यासाठी चांगली आहे. माझे मत असे, की लांब सरळ रस्त्यावर मोबाईल पुरेसा आहे, पण १६०० आणि ८०० मीटरच्या सरावासाठी टेप, सायकल आणि फक्की यांना पर्याय नाही.

वेळेचे भाकीत

एका अंतराची वेळ टाकली की दुसऱ्या अंतराची वेळ सांगणारी गणके अनेक संकेतस्थळांवर आहेत. त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी पीटर रीगल या अमेरिकन अभियंत्याने १९७७ साली मांडलेले सूत्र आहे. अंतर जितक्या पटीने वाढते त्या पटीचा १.०६ वा घात घ्यायचा आणि त्याने मूळ वेळेला गुणायचे. अंतर दुप्पट झाले तर वेळ दुप्पट न होता २.०८५ पट होते. दमणे म्हणजे काय हे त्या ०.०६ मध्ये आले! सूत्र सुंदर आहे आणि लॉगॅरिथम शिकवताना वापरावे असे आहे.

आता आपल्या ५ मिनिटे ३० सेकंदवाल्या मुलाला या सूत्रात घालू. १० किलोमीटरसाठी ३८ मिनिटे २२ सेकंद असे उत्तर येते. ४२.१९५ किलोमीटरच्या पूर्ण मॅरेथॉनसाठी २ तास ५६ मिनिटे ३१ सेकंद येते. ज्या मुलाने आयुष्यात पाच किलोमीटरच्या पुढे पाऊल टाकलेले नाही, त्याला गणक सांगते की तू तीन तासांच्या आत मॅरेथॉन धावशील. तेही सेकंदासकट!

सूत्र खोटे आहे काय? नाही. रीगलने ते विक्रमांच्या तक्त्यांवर बसवले. म्हणजे त्याच्यातला धावपटू आहे विक्रमवीर, आणि प्रत्येक अंतरासाठी वेगळा, त्या अंतराची पूर्ण तयारी केलेला. आपला मुलगा तसा नाही. २०१६ साली अँड्र्यू व्हिकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने २३०३ हौशी धावपटूंच्या वेळा तपासल्या. अर्ध्या मॅरेथॉनपर्यंत रीगलचे सूत्र बरे चालते. पण पूर्ण मॅरेथॉनला निम्म्या धावपटूंच्या बाबतीत ते किमान १० मिनिटे घाईचे भाकीत करते, असे त्यांना आढळले. तेव्हा या गणकाचा उपयोग जवळच्या अंतरांपुरता करावा. १६०० मीटरवरून ३००० मीटरचा अंदाज घेणे ठीक आहे. मॅरेथॉनचे भाकीत मात्र करमणूक म्हणून पाहावे.

नाडी आणि दम

ॲप वय विचारते आणि नाडीचे रंगीत टप्पे आखून देते. त्यामागे बहुधा ‘२२० वजा वय’ हे सूत्र असते. वीस वर्षांच्या मुलासाठी कमाल ठोके मिनिटाला २००. हे सूत्र १९७० च्या सुमारास अमेरिकेत रूढ झाले. २००२ साली त्याच्या उगमाचा शोध घेतला गेला, तेव्हा असे दिसले की ते कोणत्याही एका नेमक्या प्रयोगातून निघालेलेच नाही. निरनिराळ्या अभ्यासांतल्या थोड्याशा बिंदूंमधून डोळ्यांच्या अंदाजाने ओढलेली ती रेषा होती. २००१ साली शेकडो अभ्यास एकत्र करून ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ असे सुधारलेले सूत्र मांडले गेले. चाळिशीत दोन्ही सूत्रे १८० हेच उत्तर देतात. पण विसाव्या वर्षी २०० आणि १९४, तर साठाव्या वर्षी १६० आणि १६६ असा फरक पडतो.

मात्र खरी अडचण कोणते सूत्र घ्यावे ही नाही. एकाच वयाच्या निरोगी माणसांत कमाल ठोके दहा-बारांनी कमी-अधिक असणे अगदी सामान्य आहे. वर्गातल्या सगळ्या मुलांची उंची एकच धरून गणवेश शिवावेत, तसे हे टप्पे आहेत. त्यापेक्षा जुनी कसोटी बरी: धावता धावता सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल, तर वेग संथ आहे, दोन-तीन शब्दांतच बोलता येत असेल, तर वेग कठीण आहे.

‘दम’ सांगणाऱ्या गणकांचेही तसेच. १२ मिनिटांत किती मीटर धावलात ते टाका, की शरीराची प्राणवायू घेण्याची कमाल क्षमता मिळते. अंतरातून ५०४.९ वजा करा आणि ४४.७३ ने भागा. हे सूत्र केनेथ कूपर यांनी १९६८ साली प्रसिद्ध केले. त्यातले धावपटू होते अमेरिकी हवाई दलातले ११५ पुरुष. त्यांत एकही मुलगी नव्हती आणि शाळकरी मूलही नव्हते. त्यांच्यावर ते छान बसले, पण आपल्या आठवीच्या मुलीसाठी ते बसवलेलेच नाही.

शिवाय त्यात ऋतूला जागा नाही. समजा, लातूरचा एक मुलगा जानेवारीत १२ मिनिटांत २६०० मीटर आणि मे महिन्यात २४०० मीटर धावला. गणक सांगेल की त्याची क्षमता ४६.८ वरून ४२.४ वर आली. मुलगा खचेल आणि सराव वाढवेल. वस्तुतः त्याचा दम घटलेला नसेल. तो उन्हाने खाल्ला असेल. तेव्हा ही चाचणी त्याच मुलाची, त्याच ऋतूत, त्याच वेळी घेऊन जुन्या आकड्याशी ताडून पाहावी. एका मुलाचा आकडा दुसऱ्याशी लावू नये.

उष्मांकांच्या आकड्यांविषयी थोडक्यात सांगतो. विश्रांतीत किलोमागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर प्राणवायू लागतो, असे धरून बहुतेक गणके चालतात. हा आकडा मुळात ७० किलो वजनाच्या एका चाळीस वर्षांच्या पुरुषाचा आहे. २००५ साली मोठ्या गटावर मोजले तेव्हा सरासरी २.६ च्या आसपास निघाली. धावण्यासाठी ‘एका किलो वजनाला एका किलोमीटरमागे सुमारे १ किलोकॅलरी’ हा ढोबळ नियम तोंडी हिशेबाला पुरतो.

ऊन: जिथे चूक जिवावर बेतते

इथवरच्या चुकांनी फार तर गुण जातील. उन्हाच्या बाबतीत प्रश्न जिवाचा आहे. ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये झारखंडात उत्पादन शुल्क खात्याच्या शिपाई भरतीत १० किलोमीटर धावण्याची चाचणी होती. त्या भरतीत दहाहून अधिक उमेदवार दगावले. अशा मृत्यूंना अनेक कारणे असू शकतात. पण तयारीविना, उष्ण आणि दमट हवेत लांब धावणे धोक्याचे आहे, याबद्दल वाद नाही.

हवामानाच्या ॲपवर तापमानाखाली ‘जाणवणारे तापमान’ लिहिलेले असते. त्याचे एक प्रसिद्ध रूप म्हणजे अमेरिकेच्या हवामान खात्याचा उष्मा निर्देशांक. त्याच्यातला माणूस सावलीत आहे, मंद वारा आहे, आणि तो ताशी पाच किलोमीटरने चालतो आहे! कडक उन्हात हा निर्देशांक ८ अंश सेल्सिअसपर्यंत वाढू शकतो, असे ते खातेच सांगते. नांदेडच्या उन्हात धावणारी मुलगी या हिशेबात कुठेच नाही.

तिचा हिशेब आपण करू. तिचे वजन ६० किलो आणि अंतर १० किलोमीटर धरले तर सुमारे ६०० किलोकॅलरी खर्च होतील. त्यातला जवळपास तीन चतुर्थांश भाग, म्हणजे ४५० किलोकॅलरी, निव्वळ उष्णता होते. मे महिन्यात नांदेड-लातूरला दुपारी पारा ४० अंशांच्या वर जातो. त्वचा साधारण ३५ अंशांची असते. हवाच त्वचेहून गरम असेल तर उष्णता हवेत जाणार नाही, उलट हवेतून अंगात येईल. मग वाट एकच उरते, ती घामाच्या बाष्पीभवनाची. एक लिटर घाम सुकताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. म्हणजे नुसत्या धावण्याची उष्णता घालवायला पाऊण लिटरहून जास्त घाम पूर्ण सुकायला हवा. जो घाम ठिबकून खाली पडतो, तो काहीच थंडावा देत नाही. दमट हवेत धोका वाढतो तो यामुळे.

या बाबतीत सर्वांत उपयोगी संकेतस्थळ धावपटूंसाठी केलेले नाही. ते आहे भारतीय हवामान विभागाचे. जिल्हावार अंदाज आणि उष्णतेच्या लाटेचे इशारे तिथे फुकट मिळतात. क्रीडाशिक्षकांनी रोज आदल्या संध्याकाळी ते पाहावे, आणि इशारा असेल तर सराव सूर्योदयापूर्वी संपवावा किंवा रद्द करावा. उन्हाची सवय शरीराला १० ते १४ दिवसांत, हळूहळू वाढवत नेल्यासच होते. हे कोणतेही ॲप आपल्या वतीने ठरवणार नाही. धावताना एखादा मुलगा असंबद्ध बोलू लागला, भेलकांडू लागला, तर त्याच क्षणी थांबवावे, सावलीत न्यावे, अंगावर भरपूर गार पाणी ओतावे आणि दवाखान्याची गाडी बोलवावी. पडद्यावरची नाडी पाहत बसू नये.

आणखी दोन गोष्टी

पहिली गोष्ट खासगीपणाची. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्ट्रावाने जगभरच्या धावपटूंच्या मार्गांचा नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आले, की त्यात ओसाड भागांतले लष्करी तळ उजळून दिसत आहेत. जिथे सैन्याचे तळ लपले नाहीत, तिथे रोज त्याच वेळी, त्याच घरातून निघणाऱ्या मुलीचा मार्ग कसा लपेल? सराव फक्त स्वतःपुरता दिसेल आणि घराजवळचा भाग नकाशावरून झाकला जाईल, अशी सोय या ॲपमध्ये आहे. विद्यार्थिनींना ती आधी शिकवा, धावण्याची नोंद नंतर.

दुसरी गोष्ट कौतुकाची. मला विचाराल तर शिक्षकांसाठी सर्वांत मोलाचे संकेतस्थळ जागतिक ॲथलेटिक्स संघटनेचे आहे, कारण तिथे भाकिते नसून निकाल आहेत. लातूरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचे नाव घ्या. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०१८ साली त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. पुढे २०१९ साली ८:२१.३७, २०२१ साली ८:१८.१२, २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवताना ८:११.२०, आणि २०२४ साली ८:०९.९१. मुलांना याचा आलेख काढायला सांगा. सहा वर्षांत सुधारणा १९.८९ सेकंद, म्हणजे ४ टक्क्यांहूनही कमी. आणि तीही सारख्या पावलांनी नव्हे. आठ आठवड्यांत वेग वाढवून देतो म्हणणाऱ्या जाहिरातीसमोर हा आलेख ठेवला, की वेगळे भाष्य करावे लागत नाही.

वर्गात करून पाहा

मैदानाची एक फेरी टेपने व सायकलने मोजा. पाच विद्यार्थ्यांना पाच मोबाईल देऊन त्याच फेऱ्या एकत्र धावायला सांगा. पाचही आकडे फळ्यावर लिहा. सरासरी काढा, सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या आकड्यातले अंतर काढा आणि खऱ्या अंतराशी ताडून पाहा. मग कूपरचे आणि रीगलचे सूत्र विद्यार्थ्यांना हातानेच सोडवायला लावा. गणक जे क्षणात करते ते आपल्यालाही येते, हे एकदा कळले की त्याचा धाक जातो, आणि मग त्याला प्रश्न विचारता येतात.

ही साधने टाकून द्यावीत असे मी म्हणत नाही. अंतराची नोंद, सरावाची वही, हवामानाचा इशारा आणि निकालांचा संग्रह यांसाठी ती जरूर वापरावीत. मात्र आकडा ज्यांच्या धावण्यातून निघाला त्यांत मराठवाड्यातला मुलगा नव्हता, मुलगी तर नव्हतीच, आणि मे महिनाही नव्हता, हे सांगायला कुणीतरी मैदानावर हवे. ते काम क्रीडाशिक्षकाइतकेच विज्ञानशिक्षकाचेही आहे.